आधी पाटी लावा, मग रस्ता खोदा!

"राउटर रात्री दोनला रीबूट करू रे. ट्रॅफिक कमी असतो, कोणाला कळणारसुद्धा नाही."

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असणार. नेटवर्कवाले असाल तर ऐकवलंही असेल. आपल्या धंद्यात हे वाक्य फार शहाणपणाचं समजलं जातं. कॉलवर कोणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात, मॅनेजर "ओके, गो अहेड" म्हणतो आणि एका ज्युनिअर पोराची झोप जाते.

माझं स्पष्ट मत सांगतो. ह्याला प्लॅनिंग म्हणू नका, ही लपवाछपवी आहे. आणि ती करायची काहीएक गरज नाही. राउटरला चालू नेटवर्कमधून सभ्यपणे बाजूला घ्यायची सोय गेली वीस-पंचवीस वर्षं उपलब्ध आहे. एका ओळीची कमांड, लायसन्स नको, नवीन डबा नको. तरीही लोक थेट वायर उपटतात आणि नशिबावर हवाला ठेवतात. आजचा लेख त्या एका ओळीबद्दल, आणि ती न वापरणाऱ्यांबद्दल.

(जे नेटवर्कवाले नाहीत त्यांनी इथूनच पळू नका. गणित पाचवीचं आहे आणि शेवटी मुद्दा तुमच्याही कामाचा निघेल.)

नकाशा कसा बनतो

घरातला वायफायचा डबा विसरा. मोठ्या कंपनीच्या किंवा इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या नेटवर्कमध्ये डझनांनी, शेकड्यांनी राउटर असतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे अनेक रस्ते असतात. कुठला रस्ता घ्यायचा हे ठरवायची एक पद्धत म्हणजे लिंक-स्टेट राउटिंग. अर्पानेटने १९७९ साली ती वापरायला सुरुवात केली.

कल्पना अगदी साधी. प्रत्येक राउटर एक चिठ्ठी लिहितो: माझे शेजारी अमुक-तमुक, आणि माझ्याकडून त्यांच्याकडे जायला एवढी 'कॉस्ट'. ही चिठ्ठी सगळ्या नेटवर्कमध्ये वाटली जाते. सगळ्यांकडे सगळ्यांच्या चिठ्ठ्या जमल्या की सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो. मग प्रत्येक जण त्या नकाशावर डायक्स्ट्राचं अल्गोरिदम चालवतो आणि सगळ्यात स्वस्त रस्ता काढतो. हो, तेच ते १९५९ साली छापून आलेलं, जे आपण कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ करून विसरलो.

ह्या घराण्यातले दोन प्रोटोकॉल जगभर चालतात. एक ओएसपीएफ, ज्याची दुसरी आवृत्ती १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये आहे. दुसरा आयएस-आयएस (नाव दुर्दैवी आहे खरं, पण हा त्या लोकांच्या कितीतरी आधीचा).

आता ह्यात एक गंमत दडलेली आहे. नकाशा बनतो तो प्रत्येकाने *स्वतःबद्दल* लिहिलेल्या चिठ्ठीवरून. म्हणजे एखाद्या राउटरला रस्त्यातून बाजूला व्हायचं असेल, तर शेजाऱ्यांना हात लावायची गरजच नाही. त्याने फक्त आपली चिठ्ठी बदलायची.

पाटी दोन प्रकारची

ओएसपीएफमध्ये लिंकची कॉस्ट लिहायला १६ बिट असतात, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. राउटर आपल्या चिठ्ठीत सगळ्या शेजाऱ्यांकडे जायची कॉस्ट एकदम ६५५३५ लिहून टाकतो. "माझ्यावरून जायचं असेल तर जा बापडे, पण टोल एवढा पडेल." साहजिकच दुसरा कुठलाही रस्ता असेल तर ट्रॅफिक तिकडे वळतो. ही युक्ती २००१ साली आरएफसी ३१३७ मध्ये कागदावर आली आणि २०१३ साली आरएफसी ६९८७ मध्ये सुधारून लिहिली गेली. कमांडचं नाव 'मॅक्स-मेट्रिक राउटर-एलएसए'.

आयएस-आयएसमध्ये ह्यासाठी स्वतंत्र बिट आहे: ओव्हरलोड बिट. त्याचा मूळ हेतू वेगळाच होता. जुन्या राउटरची मेमरी तुटपुंजी असायची. नकाशा मेमरीत मावेना झाला की राउटरने हा बिट लावून सांगायचं, "माझा नकाशा अर्धवट आहे, माझ्या भरवशावर पुढे जाऊ नका." किती प्रामाणिक! पुढे मेमरी स्वस्त झाली, ती अडचण जवळजवळ संपली, पण ऑपरेटर लोकांनी ओळखलं की हाच बिट हाताने लावला तर मेंटेनन्ससाठी फक्कड पाटी होते.

दोन्हींत एक फरक आहे आणि तो लक्षात ठेवा, कारण पुढे कामाला येईल. ओएसपीएफचा ६५५३५ हा *महागडा* रस्ता आहे, बंद रस्ता नाही. दुसरा मार्गच नसेल तर ट्रॅफिक निमूटपणे त्यावरून जातो. ओव्हरलोड बिट लावलेल्या राउटरवरून मात्र पलीकडे कोणीच जात नाही. राउटरपर्यंत स्वतः पोचता येतं, त्याला थेट जोडलेली नेटवर्क दिसतात, पण 'व्हाया' प्रवास बंद.

मुंबईकरांना हे नवीन नाही. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे हेच. माटुंगा ते मुलुंड काम आहे, धीम्या लोकल जलद मार्गावरून धावतील, ही घोषणा *आधी* होते. गाड्या वळतात, मग माणसं रुळावर उतरतात. आधी रूळ उखडून मग गाडीच्या मोटरमनला "अरे, इथून नको, तिकडून जा" असं कोणी सांगत नाही. आपण नेटवर्कमध्ये मात्र नेमकं हेच करतो.

"आपोआप वळेल की!"

पाटी न लावणाऱ्यांची पहिली सबब ही. "दोन राउटर आहेत, रिडंडंसी आहे. एक बंद केला की ट्रॅफिक दुसऱ्यावर आपोआप जाईल."

जाईल. पण कधी? एक गेल्याचं शेजाऱ्यांना कळायला हवं. फायबरमधला उजेड गेला तर लगेच कळतं. मध्ये एखादा स्विच असेल तर शेजाऱ्याच्या बाजूची लिंक चालूच दिसते, मग 'हॅलो' निरोप यायचे थांबण्याची वाट बघावी लागते. ओएसपीएफच्या नेहमीच्या सेटिंगला दर १० सेकंदांनी हॅलो आणि ४० सेकंद गप्प असेल तर मेला असं समजायचं. चाळीस सेकंद! बीएफडी लावलं असेल तर हे काम मिलिसेकंदांत होतं, मान्य. पण त्यानंतरही नवीन चिठ्ठ्या वाटायच्या, गणित करायचं, हार्डवेअरमध्ये नवीन रस्ते भरायचे. तोवर आलेली पॅकेट गेली कचऱ्यात.

पाटी लावली की क्रम उलटा होतो. शेजारी नवीन गणित करत असतात तेव्हा आपला राउटर जिवंत आहे आणि जुन्या रस्त्याने आलेली पॅकेट इमानदारीत पुढे देतो आहे. हळूहळू सगळे वळतात, ग्राफ खाली येतो, आणि मग तुम्ही हात घालता. नवीन घर लागल्यावर जुनं सोडणं आणि आधी सामान रस्त्यावर टाकून मग घर शोधणं, एवढा हा फरक. अगदी शून्य त्रास होतो असा दावा मी करणार नाही. सगळ्यांचे नकाशे एकाच क्षणी बदलत नाहीत, त्यामुळे दोन राउटर क्षणभर एकमेकांकडे पॅकेट टोलवत बसू शकतात. पण तो क्षण, आणि ते ४० सेकंद... तुलना तरी करायची का?

उठतानाचा घोळ

बंद करतानाचं सोडा, खरी वाट लागते राउटर परत चालू होताना. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

राउटर उठला की ओएसपीएफचं शेजाऱ्यांशी थोडक्या वेळात जमतं. पण बाहेरच्या जगाचे रस्ते बीजीपीतून शिकायचे असतात, आणि इंटरनेटच्या पूर्ण आयपीव्ही४ टेबलात आज दहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत. ते शिकायला मिनिटं जातात. इकडे शेजाऱ्यांना वाटतं, आला आपला गडी, रस्ताही जवळचा, चला. भराभर पॅकेट येतात. ह्या बिचाऱ्याला अजून पत्तेच माहीत नाहीत. तो ती टाकून देतो. त्याच्या अंगावरचे सगळे दिवे हिरवे असतात, मॉनिटरिंग म्हणतं सब ठीक, आणि ग्राहक फोनवर ओरडत असतो.

ह्या आजारावर २००२ साली डॅनी मॅकफर्सनने आरएफसी ३२७७ लिहिला. उपाय काय? चालू होताना पाटी लावूनच उठायचं, बीजीपीचं शिकून झालं की पाटी आपोआप काढायची. सिस्कोत ह्याला 'ऑन-स्टार्टअप वेट-फॉर-बीजीपी' असे शब्द आहेत, ज्युनिपरमध्ये ओव्हरलोडला टाइमआउट देता येतो. एकदा कॉन्फिगमध्ये लिहून ठेवलं की पुन्हा बघायला नको. रात्री तीनला वीज जाऊन राउटर स्वतःहून रीबूट झाला तरी हे काम करतं.

२००२! आज नोकरीला लागलेली मुलं तेव्हा पाळण्यात होती. आणि आजही ही ओळ नसलेल्या कॉन्फिग सापडतात.

"आणखी एक कमांड म्हणजे आणखी एक चूक"

ही सबब जरा वजनदार आहे, तिला उत्तर द्यायला हवं.

१७ जुलै २०२० ला क्लाउडफ्लेअरचं काय झालं बघा. त्यांच्या बॅकबोनमध्ये नेवार्क-शिकागो भागात अडचण आली, त्यामुळे अटलांटा-वॉशिंग्टन मार्गावर गर्दी झाली. इंजिनिअरांनी ठरवलं, अटलांटाच्या राउटरवरचा थोडा ट्रॅफिक कमी करू. त्यासाठी राउटिंग पॉलिसीत बदल केला. पण अख्खा नियम बंद करण्याऐवजी त्यातली पत्त्यांच्या यादीची अट तेवढी बंद झाली. परिणाम उलटा! अटलांटाने सगळ्या जगाला सांगितलं, "या, सगळे माझ्याकडून या." गर्दी कमी करायची होती त्याच राउटरवर बॅकबोनचा ट्रॅफिक कोसळला. २७ मिनिटं गोंधळ आणि त्यांच्या नेटवर्कवरचा ट्रॅफिक साधारण निम्म्याने खाली. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल सलाम.

तेव्हा हो, ट्रॅफिक वळवताना चुका होतात. पण चूक कुठे झाली ते बघा. अटी, याद्या, प्राधान्यक्रम असलेल्या पॉलिसीत. तिथे एक ओळ इकडची तिकडे झाली तर अर्थ उलटतो. ओव्हरलोड बिटमध्ये उलटायला जागाच नाही. लावला किंवा काढला, बस्स.

उलट बिट न वापरणारे 'अनुभवी' लोक काय करतात? आठ शेजारी असतील तर आठ ठिकाणी हाताने कॉस्ट वाढवतात. कोणी १०००, कोणी ९९९९, ज्याचा जसा मूड. काम झाल्यावर आठ ठिकाणी मूळ आकडे परत टाकायचे. मूळ आकडा १० होता की १००? चॅटमध्ये शोधा. सातव्या ठिकाणी परत टाकायचा राहतो आणि सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं, की पुण्याचा ट्रॅफिक मुंबईला जाताना हैदराबादला वळसा का घालतोय? तेव्हा एक ओळ जास्त धोक्याची की सोळा बदल, तुम्हीच सांगा.

पाटीच्या मर्यादा

पाटीचा प्रचार करतोय म्हणून तिची दुखणी लपवणार नाही.

एक, पाटी 'व्हाया' ट्रॅफिक वळवते. ज्याचा मुक्काम त्याच राउटरवर आहे, तो येतच राहणार. त्या राउटरला एकट्याला जोडलेला ग्राहक काही उडून दुसरीकडे जात नाही. बाहेरच्या नेटवर्कशी बीजीपीने जोडलेला राउटर असेल तर तिकडच्यांना वेगळं सांगावं लागतं, आणि त्यासाठी २०१८ चा आरएफसी ८३२६ आहे. त्यातल्या निरोपाचा आकडा ६५५३५:०. पुन्हा ६५५३५, योगायोग बघा.

दोन, पाटी काढायला विसरणं. हे भयंकर आहे, कारण काहीच बिघडत नाही. राउटर चालू, लिंक चालू, सगळं हिरवं. फक्त ट्रॅफिक सगळा दुसऱ्या राउटरवर. तुम्हाला वाटतं आपल्याकडे दोन आहेत, प्रत्यक्षात एकच आहे. तो एक गेला, किंवा त्यालाही कोणी मेंटेनन्ससाठी पाटी लावली, की आयएस-आयएसमध्ये मागचं सगळं नकाशावरून गायब. ओएसपीएफमध्ये निदान महागडा रस्ता तरी उरतो. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला फरक तो हाच.

तीन, सगळ्यांनी एकदम पाटी लावणं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास गायब झालं होतं, आठवतं? मेंटेनन्सच्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन बंद पडला. अशी कमांड अडवण्यासाठी असलेल्या टूलमध्येही बग निघाला. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी बघितलं की आपला डेटा सेंटरशी संपर्क नाही, म्हणजे आपणच आजारी, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाने इंटरनेटवरून आपला पत्ता काढून घेतला. एकेकाचं वागणं बरोबर, सगळ्यांचं मिळून सर्वनाश. हा ओव्हरलोड बिटचा किस्सा नव्हे, पण धडा तोच. पाटी लावण्यापूर्वी "अजून कोणी सुट्टीवर आहे का?" हे मशिनला विचारायला लावा. माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

खरी भीती वेगळीच आहे

आता मुद्द्याचं. वरच्या सगळ्या सबबी वरवरच्या आहेत. लोक दिवसा पाटी लावत नाहीत ह्याचं खरं कारण खूप कमी लोक मोठ्याने बोलतात: दुसऱ्या रस्त्याला हा ट्रॅफिक झेपेल की नाही, ह्याची त्यांना खात्री नसते.

गणित करा. १० गिगच्या दोन लिंक आहेत. दोन्ही ६० टक्के भरलेल्या. ग्राफ छान हिरवा, मॅनेजर खूश, स्लाइडवर 'फुल्ली रिडंडंट' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. एक गेली की १२ गिग १० गिगमध्ये घालायचे. कसे घालणार? ही रिडंडंसी नव्हे, एकच नेटवर्क दोन डब्यांत भरलंय. दोन लिंक एकमेकींना सांभाळणार असतील तर गर्दीच्या वेळेला प्रत्येकीने पन्नास टक्क्यांच्या आत राहायला हवं. तीन असतील तर सदुसष्टच्या आत. ह्यासाठी एमबीए लागत नाही.

म्हणूनच रात्रीचे दोन आवडतात. रात्री दोनला १२ गिगचे ३ गिग झालेले असतात, सगळं झेपतं, रिपोर्टमध्ये 'सक्सेसफुल' लिहिता येतं. पण फायबर तोडणारा जेसीबी रात्री दोनची वाट बघत नाही. तो येतो सोमवारी सकाळी अकराला. त्या वेळी काय होईल ते तुम्ही कधीच तपासलेलं नसतं, कारण तपासायची भीती वाटते.

आणि "रात्री कोणाला कळत नाही" हे तरी खरं आहे का? आपल्या रात्री दोनला न्यूयॉर्कमध्ये दुपार असते, आणि हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत किती मजले त्या दुपारसाठी जागे असतात ते तुम्ही स्वतः बघितलंय. हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी वॉर्ड रात्री बंद होत नाही. रात्री दोनला मेडिकलमध्ये यूपीआय अडकलेल्या माणसाला "ट्रॅफिक कमी होता हो" असं सांगून बघा. शिवाय काम करणारा पोरगा अर्धवट झोपेत, मदतीला सीनिअर नाही, व्हेंडरचा माणूस फोन उचलत नाही. सगळ्यात नाजूक काम सगळ्यात थकलेल्या माणसाकडून सगळ्यात एकटं असताना करून घ्यायचं, आणि चुकलं की त्याचाच आरसीए मागायचा. वा रे वा!

मग करायचं काय?

माझं म्हणणं ऐकून काहींना घाम फुटेल, पण सांगतो. दिवसा करा. मंगळवारी दुपारी तीनला, सगळे जागेवर असताना. पाटी लावा, ग्राफ खाली येताना बघा, दुसऱ्या लिंकचा ग्राफ किती वर जातो तेही बघा. झेपलं तर उत्तम. मग निवांत काम करा, राउटर पाटीसकट उठवा, बीजीपी शिकू द्या, पाटी काढा, ट्रॅफिक परत आला का ते बघूनच चहाला जा. झेपलं नाही, तर पाटी काढली की काही सेकंदांत सगळं पूर्ववत. राउटर बंदच केला नव्हता ना! आणि हातात एक पुरावा येतो की बाबांनो, आपली रिडंडंसी कागदावर आहे, बजेट द्या. जेसीबीकडून हाच पुरावा घ्यायचा तर किंमत फार मोठी असते.

पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठ्या राउटरवर प्रयोग करा असं मी म्हणत नाही. छोट्यापासून सुरुवात करा. पण करा.

आणि जे नेटवर्कवाले नाहीत, पण अशा कॉलवर बसतात, चेंज रिक्वेस्टवर 'अप्रूव्ह्ड' म्हणतात, त्यांनी दोनच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. "आधी ट्रॅफिक वळवलास का?" आणि काम झाल्यावर, "पाटी काढलीस का?" प्रोटोकॉल नाही समजला तरी चालेल. ह्या दोन प्रश्नांनी समोरचा चुळबुळायला लागला, की समजा नेटवर्कचं दुखणं राउटरमध्ये नाही, त्या रूममध्ये आहे.

बघा पटतंय का. नसेल पटत तर जरूर भांडा, पण भांडायला दिवसा या. रात्री दोनला मी झोपलेला असतो.